तीस वाव

मुलांनो, आधी एक लोखंडी खांब डोळ्यांसमोर आणा. तुमच्या छातीइतका उंच, गंजलेला, काळ्या खडकात पक्का बसवलेला. त्याच्या डाव्या बाजूला होड्या लागतात तो धक्का. उजवीकडे चिखलाचा किनारा लांबवर गेलेला. समोर खाडीचं तोंड, आणि त्याच्या पलीकडे समुद्र. पाणी सध्या बाजूला ठेवा. ओहोटी आहे असं समजा. खाडीचा तळ उघडा पडलाय आणि गुडघाभर चिखलातून तुम्ही चालताय.

खांबापासून किनाऱ्याच्या कडेने उजवीकडे जितकं चालाल, ते अंतर क्ष. मग वळून सरळ खाडीत जितकं शिराल, ते अंतर य. तुमच्या पुस्तकात एक्स आणि वाय असतील. मी जुन्या वळणाचा माणूस, मला क्ष आणि य बरे वाटतात. नावं कोणतीही घ्या, खांब जागचा हलत नाही एवढं धरून ठेवा.

आता या चिखलात लाकडी खुंटांच्या दोन ओळी रोवा. खुंट म्हणजे जाड वासे, निम्मे चिखलात ठोकलेले. त्यांना जाळी बांधतात आणि भरती ओसरताना मासळी त्यात अडकते. श्रीवर्धनच्या उत्तरेला एका खाडीवर कोळीवाडा आहे, तिथे अशा दोन ओळी होत्या. खांबाच्या जवळची रामचंद्रांची, पलीकडची गुणाजीची. दोन्हींच्या मधून होड्या ये-जा करत. त्या पट्ट्याला सगळे नुसतं 'वाट' म्हणत.

ओळी सरळ समुद्राकडे जात नव्हत्या, तिरप्या होत्या, कारण पाण्याची ओढच तिथे तिरपी आहे. किनाऱ्याने एक पाऊल सरकलं की खाडीत दोन पावलं आत. गणितात यालाच रेषेचा चढ म्हणतात. आत गेलेल्या अंतराला कडेने सरकलेल्या अंतराने भागायचं. इथे दोन भागिले एक, म्हणजे चढ दोन. खाडीतले लोक हा शब्द वापरत नसत. ते म्हणत, ओळ वळवू नको. अर्थ तोच. दोन्ही ओळींचा चढ सारखा राहिला तर मधली वाट पहिल्या खुंटापासून शेवटापर्यंत सारखीच रुंद राहते. एकाने ओळ वळवली की वाट पुढे निमुळती होते. भरतीला सगळे खुंट पाण्याखाली जातात, त्यामुळे निमुळती वाट होडीतल्या माणसाला दिसत नाही.

आणि ही अंतरं मोजायची वावने. दोन्ही हात बाजूला ताठ पसरा. एका हाताच्या बोटांपासून दुसऱ्या हाताच्या बोटांपर्यंत जेवढा दोर मावला, तो एक वाव. दोर सोडत, हात पसरत, तोंडाने आकडा म्हणत पुढे जायचं. पट्टी लागत नाही, टेप लागत नाही.

गुणाजीची मुलगी ऋतिका दहावीत होती. तिचे आजोबा, ज्यांना सगळा कोळीवाडा आबा म्हणे, ते असेपर्यंत ओळ तेच रोवत. आबा एवढे उंच की घराच्या चौकटीखालून वाकून आत येत. गुणाजी मात्र आपल्या आईवर, नीराबाईवर गेलेला. धक्क्यावर त्याला मांदेली म्हणत, म्हणजे ती बोटाएवढी मासळी, आणि तो हसून ओ देई. त्या वर्षी वैशाखात आबा वारले. जाण्याआधी त्यांनी मुलाला ओळीचे आकडे सांगितले. खांबापासून तीस वाव. तिथून शेवटच्या खुंटापर्यंत कडेने वीस, आत चाळीस. गुणाजीने ते पाठ केले.

पावसाळ्याआधी जुने खुंट उपटून ठेवतात, आणि पुढच्या तीन महिन्यांत चिखल सगळी भोकं बुजवून टाकतो. दर वर्षी नव्याने मोजावं लागतं. श्रावणातल्या अमावास्येला पहाटेची ओहोटी मोठी होती. उजाडताच गुणाजी दोन गडी घेऊन उतरला. मोजलं त्याने स्वतः. मोठ्याने आकडे म्हणत मोजलं, कारण आबाही तसेच मोजत. आठच्या सुमारास पाणी चढू लागलं तेव्हा शेवटचा खुंट ठोकून तो वर आला आणि मच्छीमार सोसायटीत जाऊन विनेशला आकडे सांगून आला. विनेश सोसायटीचा कारकून. प्रत्येकाच्या ओळीचे आकडे तो रजिस्टरात लिहून ठेवी.

अमावास्येची भरती तिथे दुपारी बाराच्या आगेमागे भरते. त्या वेळी रामचंद्रांचा मुलगा जीवन एकटाच छोट्या इंजिनाच्या होडीतून परत येत होता. बावीस वर्षांचा. ऋतिका शाळेत निघालेली दिसली की तो धक्क्यावरून विचारायचा, काय मास्तरीणबाई, आज कुणाला नापास करणार. भर पाण्यात वाट ओळखायची खूण लहान पोरांनाही ठाऊक होती. देवीच्या देवळाचा कळस आणि मागच्या टेकडीवरचं उंडीचं झाड एकाखाली एक दिसलं की होडी वाटेवर. जीवन त्या खुणेने शेकडो वेळा आलेला. त्या दिवशी त्याची होडी पाण्याखालच्या खुंटावर जोरात आदळली. फळी फुटली, तो पुढे फेकला गेला, आणि डोकं दुसऱ्या खुंटावर लागलं. धक्क्यावरच्या बायकांनी होडी थांबलेली पाहिली. ती का थांबली, हे त्यांना कळेपर्यंत फार उशीर झाला होता.

खुंट गुणाजीच्या ओळीतला होता.

संध्याकाळच्या ओहोटीला लोक चिखलात उतरले आणि गुणाजीची अख्खी ओळ उपटून किनाऱ्यावर फेकली. मोजून बघावं असं त्या रागात कुणालाच सुचलं नाही. पोलीस आले, अपघात असं लिहून गेले. पण कोळीवाड्याचं तेवढ्याने भागणार नव्हतं. कुणीतरी विनेशला रजिस्टर काढायला लावलं. त्यात लिहिलं होतं: रामचंद्र, पहिला खुंट खांबापासून कडेने दहा वाव, शेवटचा कडेने चाळीस, आत साठ. गुणाजी, पहिला खुंट कडेने तीस. शेवटचा कडेने पन्नास, आत चाळीस.

लोकांनी वजाबाकी केली. पहिल्या खुंटांत तीस वजा दहा, म्हणजे वीस वावचं अंतर. शेवटच्या खुंटांत पन्नास वजा चाळीस, म्हणजे दहाच. वाट निम्मी झाली होती. ओळ वळवली होती. तेरावं झालं की रविवारी देवळात बसायचं आणि गुणाजीला कायमचं खाडीतून उठवायचं, असं ठरल्यासारखंच झालं.

घरी गुणाजी भिंतीकडे तोंड करून बसून राही. नीराबाई ताट पुढे ठेवी आणि तासाभराने तसंच उचलून नेई. पहिले तीन-चार दिवस तो एकच वाक्य म्हणत होता, की मी वळवली न्हाय. मग एके दिवशी ऋतिका शाळेतून आली तेव्हा त्याने तिच्याकडे न बघता विचारलं,

"वळली असंल का गं माझ्याकडून?"

मुलांनो, खाडी गेली तर माणूस दुसरीकडे मजुरीला जातो, जगतो. पण आपल्या हातून शेजारचा मुलगा मेला की नाही हेच ज्याला ठरवता येत नाही, तो कसा जगेल? ऋतिकाला रविवारपेक्षा या प्रश्नाची भीती वाटली. ती सोसायटीत गेली, विनेशकडून चारही खुंटांचे आकडे वहीत उतरवून घेतले, आणि घराच्या मागच्या पायरीवर बसली.

आता तिच्याबरोबर बसा आणि करून बघा.

रामचंद्रांची ओळ (१०, ०) आणि (४०, ६०) या दोन बिंदूंतून जाते. कडेने तीस सरकली, आत साठ गेली. समीकरण मांडलं तर ६०क्ष − ३०य − ६०० = ० असं येतं. गुणाजीची ओळ (३०, ०) आणि (५०, ४०) मधून जाते. कडेने वीस, आत चाळीस. समीकरण ४०क्ष − २०य − १२०० = ०. दोन्ही समीकरणांत एकही आकडा सारखा नाही. बघणाऱ्याला वाटावं, या दोन रेषांचा एकमेकींशी काही संबंधच नाही.

पण चढ काढायचा असतो तेव्हा य एकटा एका बाजूला आणायचा. पहिल्या समीकरणात ३०य = ६०क्ष − ६००. तिसाने भागा: य = २क्ष − २०. दुसऱ्यात २०य = ४०क्ष − १२००. विसाने भागा: य = २क्ष − ६०. क्षच्या आधी उभा असलेला आकडा म्हणजे चढ. इथे दोन, तिथेही दोन.

लोकांची चूक कुठे झाली, तेही तिला दिसलं. शेवटचे दोन खुंट एकमेकांच्या समोर नव्हतेच. रामचंद्रांची ओळ साठ वाव आत गेली होती, गुणाजीची चाळीसच. चाळीस वाव आत रामचंद्रांची ओळ कुठे आहे ते बघायला हवं होतं. ती तिथे कडेने तीसवर होती, गुणाजीची पन्नासवर. अंतर वीस. पहिल्या खुंटांत होतं तेवढंच.

दुसऱ्या दिवशी तिने वही मृणालीबाईंना दाखवली. मृणालीबाई तिच्या गणिताच्या शिक्षिका, मूळच्या समुद्रापासून लांबच्या पालीच्या, दोन वर्षांपूर्वी बदलून आलेल्या. त्यांनी प्रत्येक पायरी बोट ठेवून तपासली. मग म्हणाल्या की चढ बरोबर आहे, पण चढ सारखा आला की लगेच समांतर म्हणायचं नाही. त्या दोन रेषा म्हणजे एकच रेषा तर नाही ना, हे शेवटचा आकडा बघून ठरवायचं. ऋतिकाने दाखवलं, वीस आणि साठ, वेगळे आहेत.

"आणि सगळे आकडे एकाच मापातले आहेत ना?"

"हो बाई. सगळे वाव."

बाईंना वाव म्हणजे फुटासारखं ठरलेलं माप वाटलं. ऋतिकाने लहानपणापासून तो शब्द रोज ऐकला होता, त्यामुळे तिला त्यात विचारण्यासारखं काही वाटलंच नाही. दोघींनी वही मिटली.

रविवारी देवळात माणसं दाटीवाटीने बसली होती. रामचंद्र देवळाच्या खांबाला टेकून, त्यांची बायको सगुणा बायकांत, आणि गुणाजी बाहेर पायरीवर. ऋतिका खडू घेऊन फरशीवर वाकली तेव्हा मागून कुणी म्हणालं की आता दहावीची पोर आपल्याला खाडी शिकवणार, आणि दोघंतिघं हसली. आवडाबाई नावाची मासळी विकणारी म्हातारी त्यांच्यावर खेकसली, की तुमाला तरी वजाबाकीपलीकडं काय येतं. 

ऋतिकाने खांब काढला, दोन्ही ओळी काढल्या, चाळीस वाव आत एक आडवी रेघ मारली आणि ती दोन्ही ओळींना कुठे लागते ते दाखवलं. सगळं पूर्ण व्हावं म्हणून तिने तिसरी रेषाही काढली, कळस आणि उंडीच्या झाडाची. ती वाट आबा आणि रामचंद्र या दोघांनी मिळून फार पूर्वी मोजली होती, आणि ती खांबापासून कडेने पंचवीसवर सुरू होते हे बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. रामचंद्रांच्या ओळीकडे वाळू साचते म्हणून ती मधोमध नाही, जराशी पलीकडे. चढ तोच, दोन. तीन रेषा, तिन्हींचा चढ सारखा, कुणीच कुणाला भेटत नाही. बाबांनी ओळ वळवली नाही. ओळ वाटेपासून पाच वाव लांब होती, सुरुवातीपासून शेवटापर्यंत.

 माणसं फरशीवरचा खडू बघत होती. एकदोघांनी बोटांवर वजाबाकी पुन्हा केली. मग कुणीतरी बाहेर बघून म्हणालं, सुटलास रे मांदेली.

तेव्हा रामचंद्र पहिल्यांदा बोलले. आवाज चढवून नव्हे. खरंच विचारावं तसं.

"मग माजा पोर कशावर आदळला?"

 उत्तर इतरांनी दिलं. ओळ जागेवर होती, वाट जागेवर होती, म्हणजे होडी जागेवर नव्हती. पाच वाव भरकटली. आवडाबाईच म्हणाली, आणि ती काही वाईट बाई नव्हती, की आजकालची पोरं, फोनात तोंड असंल. सगुणा उठली, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि खडूच्या रेषांवरून चालत बाहेर गेली.

त्या संध्याकाळी गुणाजी जेवला. थोडंच, पण जेवला. नीराबाई चुलीपाशी तोंड फिरवून रडली. ऋतिकाला वाटायला हवं होतं की जिंकलो. तसं वाटलं नाही.

पुढच्या आठवड्यात जीवनबद्दलची गोष्ट गावभर झाली आणि रोज थोडी वाढली. फोन बघत होता. मग, गाणी लावून डोळे मिटून चालवत होता. मग, आदल्या दिवशी कुठेतरी पिऊन आला होता. शाळेत मुलं होडी चालवायची नक्कल करत, एक हात सुकाणूवर, दुसरा कानाला. सगुणा धक्क्यावर येणाऱ्या प्रत्येक बाईला थांबवून सांगे की फोन त्या दिवशी घरीच होता, चार्जिंगला लावलेला, मी स्वतः बघितला. बायका मान हलवत आणि पाटी उचलून पुढे जात. एकदा तिने ऋतिकालाही थांबवलं. तिच्या हातात तो फोन होता. तिने दुसरं काही म्हटलं नाही, फक्त तो फोन पुढे धरला. ऋतिकाने मान खाली घातली आणि निघून आली. आता ती धक्क्यावरून न जाता देवळामागून शाळेत जाऊ लागली.

नंतरच्या शनिवारी दुपारी ढग आले. अंगणात दोरीवर कपडे वाळत होते. ती दोरी म्हणजे आबांच्या एका जुन्या जाळ्याचा वरचा दोर. जाळं कधीच कुजून गेलं होतं, दोर मात्र राहिला. जाळं तरंगावं म्हणून आबांनी त्या दोरावर एकेका वाववर बोया बांधला होता. बोये गेले, गाठी राहिल्या.

गुणाजी चादर काढायला आला. वाऱ्याने ती उडत होती, म्हणून त्याने दोन्ही हात ताठ पसरून तिची दोन टोकं दोरावर दाबून धरली आणि ऋतिकाला हाक मारली. ती धावत आली आणि अर्ध्यात थांबली.

बाबांचा डावा हात एका गाठीवर होता. उजवा हात पुढच्या गाठीपर्यंत पोहोचला नव्हता. चांगला फूटभर अलीकडे होता.

ती तशीच बघत राहिली. तो म्हणाला, अगं पकड की. तिने चादर घेतली, घडी केली, आत नेऊन ठेवली. मग आजीच्या शिवणाच्या डब्यातली टेप घेऊन बाहेर आली आणि दोरावरची दोन गाठींमधली अंतरं एकेक करून मोजली. सहा फूट. सहा फूट. सहा फुटाला अर्धं बोट कमी. आबांचे हात म्हातारपणापर्यंत बदलले नव्हते.

मग ती म्हणाली, "बाबा, हात पसरा."

त्याला वाटलं पोर खेळतेय. त्या अमावास्येनंतर पहिल्यांदाच त्याच्या तोंडावर जरा हसू आलं. त्याने पसरले. पाच फूट.

मुलांनो, आता जरा थांबा आणि माझ्याबरोबर बघा, कारण हे समजायला तिलाही वेळ लागला. चढ काढताना आपण अंतराला अंतराने भागतो. चाळीस भागिले वीस. दोन्ही अंतरं एकाच माणसाच्या हातांनी मोजलेली असली तर हात लांब असोत की आखूड, उत्तर दोनच येतं. आबांचे दोन, गुणाजीचे दोन. म्हणून ऋतिकाचा चढ खरा होता, आणि बाबांनी ओळ वळवली नव्हती हेही खरं होतं. पण शेवटचा आकडा, तो जो रेषा खांबापासून किती लांब आहे ते सांगतो, त्याला भागायला कुणी नसतं. तो ज्याच्या हातांनी मोजला त्याच्याच मापात राहतो. रजिस्टरात सगळीकडे वाव असंच लिहिलं होतं. आकडा आबांकडून गुणाजीकडे आला होता. आबांचे हात आले नव्हते.

तिने पायरीवर बसून सगळं फुटांत मांडलं. वाट आबा आणि रामचंद्रांनी मोजलेली. रामचंद्र आबांएवढेच उंच. पंचवीस वाव, सहा फुटांनी, दीडशे फूट. गुणाजीची ओळ तीस वाव, पाच फुटांनी.

दीडशे फूट.

वाट: २क्ष − य − ३०० = ०. ओळ: २क्ष − य − ३०० = ०. चढ सारखा, आणि शेवटचा आकडाही सारखा. त्या दोन रेषा समांतर नव्हत्या. ती एकच रेषा होती. देवळाच्या फरशीवर तिने ज्यांच्यामध्ये पाच वाव पाणी दाखवलं होतं, त्यांच्यामध्ये काहीच नव्हतं. कळस आणि उंडीचं झाड एकाखाली एक धरून, डोळे उघडे ठेवून, जसं यायला हवं अगदी तसाच जीवन आला होता.

गुणाजी तिच्या मागे येऊन उभा होता. त्याला समीकरण वाचता येत नव्हतं. पण दोराच्या दोन गाठी, स्वतःचे हात, टेप आणि वहीतले तीस आणि पंचवीस हे त्याने पाहिलं, आणि आयुष्यभर दोर मोजलेल्या माणसाला पुढचं सांगावं लागत नाही. तो हळूच खाली बसला. आपले दोन्ही तळवे गुडघ्यांवर उताणे ठेवून त्यांच्याकडे बघत राहिला. दाराशी नीराबाई उभी होती. तिने विचारलं काय झालं.

"आबांचा आकडा घेतला मी," तो शेवटी म्हणाला. मग, "म्हंजे पोर वाटंवरच व्हता."

ऋतिकाने मान हलवली.

वही तिच्या मांडीवर होती. ते पान फाडलं असतं तर कुणाला कळलं नसतं. खुंट उपटलेले होते, भोकं बुजली होती, आबा गेले होते. बाईंनी गणित तपासलं होतं. देवळात सगळ्यांनी ऐकलं होतं. बाबा जेवायला लागले होते. ती तशी किती वेळ बसली, ते मला माहीत नाही. ढग होते, पाऊस पडला नाही. गुणाजीने तिला जा म्हटलं नाही आणि थांबही म्हटलं नाही. तो हातांकडे बघत होता.

मग ती उठली. दोरीवर राहिलेले दोन कपडे काढून तिने आजीच्या हातात दिले. दोराच्या दोन्ही टोकांच्या गाठी सोडल्या, दोर कोपरावर गुंडाळला, आणि वही काखेत धरून अंगणाबाहेर पडली. देवळामागून गेली नाही. धक्क्यावरून गेली.

रामचंद्रांच्या दारात सगुणा मासळी निवडत होती. तिने वर पाहिलं आणि पुन्हा खाली पाहिलं. रामचंद्र आतून बाहेर आले. ऋतिकाने ठरवून आणलेली वाक्यं होती, चढाबद्दल, मापाबद्दल, बाबांबद्दल. त्यातलं एकही आठवेना.

"काका," ती म्हणाली, "जरा हात पसरता?"

ते तिच्याकडे बघत राहिले. तिच्या कोपरावरचा दोर त्यांनी ओळखला असावा. आबांच्या जाळ्याला त्यांनीही कितीदा हात लावला होता. काही न विचारता त्यांनी दोन्ही हात बाजूला ताठ पसरले, आणि ऋतिकाने दोराची पहिली गाठ त्यांच्या डाव्या हाताच्या बोटांत दिली, आणि दुसरी गाठ धरून त्यांच्या उजव्या हाताकडे चालू लागली.